‘चुकून बार उडाला’ एवढे लिहून फाईल मिटवू नका

प्रति,
कोकणातील जिल्ह्यांचे मा. जिल्हा दंडाधिकारी तथा शस्त्र परवाना प्राधिकारी,
आणि शेतीसंरक्षणासाठी बंदूक बाळगणारे माझे शेतकरी बांधव यांस,

सविनय नमस्कार.

गणपतीचे विसर्जन होऊन आठवडा झाला आहे आणि आमच्या मळ्यांतले भात पोटरीतून बाहेर पडू लागले आहे. लोंबी दुधात आली की रानडुकरे डोंगर उतरून खाली येतील आणि ज्या घरात शेतीसंरक्षणाचा परवाना आहे त्या घरातली बंदूक खुंटीवरून उतरवली जाईल. कापणी होईपर्यंत ती रोज संध्याकाळी मांगरावर, म्हणजे शेतातल्या छोट्या घरावर, जाईल आणि रोज पहाटे घरी परत येईल. माणसे जखमी होतात ती पुष्कळदा या येण्याजाण्यातच, म्हणून राखण सुरू होण्याआधी हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचावे अशी माझी धडपड आहे.

मी स्वतः परवानाधारक शेतकरी आहे. एका रात्रीत डुकरांनी लोळवलेले भात मी पाहिले आहे, माकडांनी कोवळ्या काजूंची केलेली नासधूस पाहिली आहे आणि त्यानंतर घरातल्या माणसांची तोंडे कशी उतरतात तेही पाहिले आहे. बंदुका काढून घ्या, असे मी म्हणत नाही. जी बंदूक आम्हाला कायद्याने दिली आहे, ती कोणी चाप न ओढता सुटते तेव्हा त्याचे कारण शोधले जावे, एवढेच माझे मागणे आहे.

सहा वर्षांपूर्वी, आश्विन महिन्यात, माझे थोरले भाऊ राखण करून पहाटे घरी येत होते. बंदूक वडिलांच्या वेळची, एकनळी, बारा बोअरची, बाहेर घोडा असलेली. रात्री डुक्कर आल्याची चाहूल लागली म्हणून त्यांनी घोडा चढवला होता. डुक्कर आले नाही, तेव्हा घोडा अंगठ्याने धरून, चाप दाबून, त्यांनी तो हळूच खाली उतरवला. नळीतले काडतूस तसेच राहिले. घोडा उतरवलेली बंदूक म्हणजे निजलेली बंदूक, असे आमच्या घरात आम्ही लहानपणापासून मानत आलो होतो आणि वडिलांनीही आम्हाला तेच शिकवले होते. वाटेत आमच्याच बागेचा गडगा लागतो, कमरेएवढ्या उंचीचा, सुक्या चिऱ्यांचा, पावसाने शेवाळलेला. भावाने बंदूक गडग्यावर आडवी ठेवली, ते पलीकडे उतरले आणि नळीला धरून त्यांनी ती आपल्याकडे ओढली. सरकताना घोडा वरच्या चिऱ्यावर आपटला आणि बार उडाला. नळीचे तोंड तेव्हा त्यांच्या उजव्या पायाकडे होते.

आवाज ऐकून मी धावत गेलो. लुंगी फाडून मांडी आवळून बांधली, चौघांनी मिळून त्यांना घोंगडीत घालून रस्त्यापर्यंत नेले आणि तिथून गाडीने गोव्यातले बांबोळीचे रुग्णालय गाठले. जीव वाचला, पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दुसऱ्या दिवशी मी त्या गडग्याकडे गेलो, तेव्हा शेवाळात घोड्याने काढलेला बोटभर लांबीचा ओरखडा तसाच होता आणि त्याच्या टोकाला चिऱ्याचा टवका निघून आतला ताजा तांबडा रंग दिसत होता. त्या एका खुणेत सगळी घटना लिहिलेली होती.

पंचनामा झाला. ज्यांनी तो केला त्यांच्या वागण्याबद्दल माझी तक्रार नाही. ती माणसे आमच्याशी आपुलकीने वागली. परवान्याचा क्रमांक, बंदुकीवरचा क्रमांक, परवान्याची मुदत, विकत घेतलेली, उडवलेली आणि शिल्लक राहिलेली काडतुसे, साक्षीदारांची नावे, हे सारे व्यवस्थित नोंदवले गेले आणि शेवटी लिहिले गेले की बंदूक हाताळताना चुकून बार उडाला. चापाला कोणाचेही बोट लागलेले नसताना बार उडाला कसा, हा प्रश्न मात्र त्या कागदांत कुठेच नव्हता. परवाना खरा आहे की नाही हे सर्वांनी पाहिले, बंदूक खरी आहे की नाही हे कोणीच पाहिले नाही.

उत्तर मला नंतर मिळाले. वडिलांनी घेतलेली तशाच बनावटीची दुसरी बंदूक माझ्या परवान्यावर आहे. ती घेऊन मी बंदुका दुरुस्त करण्याचा परवाना असलेल्या एका वृद्ध कारागिराकडे गेलो. त्यांनी एक उडवलेले काडतूस घेतले, त्याच्या बुडातली वापरलेली टोपी (आघाताने पेटून दारू पेटवते ती) ठोकून बाहेर काढली आणि त्या खळग्यात मेण भरून ते नखाने सपाट केले. मग ते नळीत घालून बंदूक मिटली, घोडा चढवला आणि माझे भाऊ उतरवत असत तसाच अंगठ्याने सावकाश खाली उतरवला. बंदूक उघडून काडतूस माझ्या हातात दिले, तेव्हा मेणाच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा खळगा पडलेला होता. म्हणजे घोडा खाली असताना, त्याच्या आघाताने टोपीवर आदळणारी पिन टोपीला टेकलेलीच असते. त्यांनी काडतूस परत आत घालून घोड्याच्या पाठीवर लाकडी हातोडीने हलकेच टकटक केली आणि पुन्हा उघडून दाखवले. या वेळी तो खळगा चांगला खोल गेला होता. ते एवढेच म्हणाले, “चाप ओढायला माणूस लागतो, पण हिला धक्का पुरतो.”

आपल्या भागातल्या जुन्या बाहेरच्या घोड्याच्या बंदुकांपैकी काहींमध्ये हा दोष मुळापासूनचा आहे आणि काहींमध्ये तो झिजेने आलेला आहे. बार उडाल्यावर घोडा आपोआप थोडा मागे येऊन पिनेपासून दूर थांबेल, अशी रचना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच निघाली होती. ती असलेली बंदूक घोडा पाडलेला असताना धक्क्याने सहसा सुटत नाही. पण ही रचना प्रत्येक बंदुकीत नसते, आणि असली तरी स्प्रिंग कमजोर झाली की घोडा पुन्हा पिनेवर विसावू लागतो. अर्धा घोडा चढवून बंदूक वागवण्याची सवय पुष्कळांना आहे. ज्या खाचेच्या आधाराने तो अर्ध्यावर थांबतो, तिची कड झिजून गोल झाली असेल तर ती धक्क्यापुढे टिकत नाही. घोडा आत असलेल्या दुनळी बंदुकांना सेफ्टी असते, पण तिच्यावर माणसे गरजेपेक्षा जास्त विसंबतात. त्यांतल्या बहुतेक बंदुका उघडून मिटल्या की आतले घोडे चढलेलेच असतात आणि सेफ्टीचा खटका फक्त चाप अडवतो. घोडा ज्या दाताने धरून ठेवलेला असतो तो दात झिजला असेल, तर चाप अडवून काही उपयोग होत नाही.

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरून गजाने ठासायच्या, बंदुकीबद्दल वेगळे लिहिले पाहिजे, कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने शेतीसंरक्षणासाठी तिचेच नाव घेतले आहे. कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असे म्हटले आहे आणि ती पुरेशी नाही अशी प्राधिकाऱ्याची खात्री झाली तर किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूक देता येते. त्यामुळे सर्वांत अवघड हत्यार कायद्यानेच शेतकऱ्याच्या हाती पहिल्यांदा ठेवले आहे. काडतुसाची बंदूक क्षणात रिकामी करता येते, पण ठासलेली नळी रिकामी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे बार काढणे, आणि दारू महाग म्हणून तो काढला जात नाही. बंदूक ठासलेलीच घरी येते, टोपी तेवढी काढून खिशात ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी ती ठासलेली आहे हे घरातला दुसरा माणूस विसरतो. पुन्हा ठासली तर दुप्पट दारूने नळी फुटू शकते. बार काढल्यावर लगेच नवी दारू ओतणेही तितकेच घातक असते, कारण नळीच्या तळाशी धुमसणारा एखादा कण पुरतो आणि त्या वेळी माणसाचा चेहरा आणि गज धरलेला हात नेमका नळीच्या तोंडावर असतो. ओल्या फडक्याने नळी पुसून, थोडे थांबून, मगच ठासावे, हे शिकवणारी जुनी माणसे आता फारशी उरलेली नाहीत.

त्यात आपली हवा खारी. चार महिने भिंतीवर टांगलेल्या बंदुकीच्या आत काय झाले आहे ते बाहेरून तेल पुसून कळत नाही. स्प्रिंगा गंजतात, दस्त्याचे लाकूड फुगून आतल्या भागांना घासते, चाप अर्ध्यावर अडकून राहतो. पुठ्ठ्याची काडतुसे दमटपणाने फुगून नळीत रुततात आणि माणूस ती समोरून काठीने ढोसायला जातो. दमट दारू उशिराही पेटते. चाप ओढूनही बार उडाला नाही तर बंदूक लगेच उघडू नये. नळी मोकळ्या दिशेला धरून किमान अर्धा मिनिट आणि ठासणीच्या बंदुकीत त्याहून अधिक थांबावे.

हा जुन्या, गंजक्या बंदुकांचाच प्रश्न आहे, असे वाटू नये म्हणून एक दूरचे उदाहरण देतो. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीची ‘मॉडेल ७००’ ही शिकारीची रायफल १९६२ पासून विकली जात आहे आणि तिच्या इतकी खपलेली रायफल क्वचितच असेल. २००० साली माँटाना राज्यात शिकारीहून परतलेल्या एका कुटुंबातली आई रायफल रिकामी करू लागली. कुटुंबाच्या सांगण्यानुसार तिने सेफ्टी पुढे सरकवताच चापाला स्पर्श नसताना गोळी सुटली आणि घोडे वाहून नेण्याच्या गाडीतून आरपार जाऊन पलीकडे उभ्या असलेल्या तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला लागली. मुलगा गेला. चापाच्या आत एक छोटा जोडभाग सुटा बसवलेला होता आणि त्याच्या फटीत कचरा किंवा गंज अडकला की तो जागेवर परत येत नाही, अशा तक्रारी त्या रायफलीबद्दल अनेक वर्षे होत राहिल्या. कंपनीने रचनेत दोष असल्याचे मान्य केले नाही. मात्र पुढे झालेल्या सामूहिक दाव्याच्या तडजोडीत सुमारे ७५ लाख बंदुकांचा समावेश होता आणि त्यांतल्या बहुतेकांचे चाप विनामूल्य बदलून देण्याचे ठरले. २०१४ साली तर त्याच कंपनीने २००६ नंतर बनवलेल्या नव्या चापाच्या रायफलीही परत मागवल्या, कारण जुळणी करताना चिकटवण्याचे द्रव्य जास्त लागले होते. नव्या, कारखान्यातून तपासून आलेल्या हत्यारांची ही गोष्ट आहे. तिथे एका बापाने वर्षानुवर्षे ‘बार उडाला कसा’ हा एकच प्रश्न लावून धरला, म्हणून त्या चापांकडे लोकांचे लक्ष गेले. आमच्याकडे तो प्रश्न विचारण्याची जागा पंचनाम्याच्या कागदावरही नाही.

आता प्राधिकाऱ्यांना विनंती. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण सक्तीचे केले, हे योग्यच झाले. पण माझ्यासारखे ज्यांचे परवाने त्याआधीचे आहेत, त्यांना असे प्रशिक्षण कधीच मिळाले नाही, आणि सर्वांत जुन्या बंदुका तर आमच्याच हातांत आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. शेतकऱ्याचे हेलपाटे वाचले याचा मला आनंदच आहे, पण नूतनीकरणाच्या निमित्तानेही जाणत्या माणसाची नजर आता पाच वर्षांतून एकदाच बंदुकीकडे जाऊ शकते, आणि तीही बहुधा क्रमांक जुळवण्यापुरतीच असते.

बंदुका आपल्याकडे येतात मात्र त्याहून पुष्कळ अधिक वेळा. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, म्हणजे ऐन काजूच्या हंगामात, आणि विधानसभेची १५ ऑक्टोबरला, म्हणजे भात कापणीच्या तोंडावर. दोन्ही वेळी आमच्या भागातल्या बंदुका जमा झाल्या. त्या जमा करण्यावरून शेतकऱ्यांची नाराजी आहे आणि ती रास्त आहे, पण तो विषय इथे वाढवत नाही. माझे म्हणणे असे, की एका तालुक्यातल्या बंदुका काही आठवडे एका छपराखाली असतात, आणि पोलीस मुख्यालयात शस्त्रांची देखभाल करणारे प्रशिक्षित आर्मोरर असतात. या दोघांची गाठ घालून द्यावी. घोडा पिनेपासून दूर राहतो का, अर्ध्या घोड्याची खाच धरते का, सेफ्टी लावून चाप ओढला आणि मग सेफ्टी काढली तर घोडा सुटतो का, नळीत भेग किंवा फुगवटा आहे का, एवढे पाहायला एका बंदुकीला दहा मिनिटेही लागणार नाहीत. पावतीवर दोन ओळी लिहून दिल्या, तर मालकाला कळेल की आपण काय घेऊन रानात जात आहोत. सदोष ठरलेली बंदूक दुरुस्त करायला किंवा बदलायला मुदत द्यावी आणि ती बदलण्याची परवानगी त्याच टेबलावर मिळावी. तपासणी म्हणजे परवाना जाण्याचा धोका, अशी समजूत एकदा पसरली की लोक बंदुका दाखवणार नाहीत. आणि जिथे माणूस जखमी होईल किंवा मरेल, तिथे त्या बंदुकीची यांत्रिक तपासणी करून तिची नोंद पंचनाम्याला जोडली जावी. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पूर्वी भारतीय दंड विधानाचे कलम ३०४-अ लागत असे, आता भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागते. एखाद्यावर असा आरोप ठेवण्याआधी निष्काळजीपणा हाताचा होता की हत्याराचा, हे न्यायालयालाही कळायला हवे.

बांधवांनो, यापुढचे तुमच्यासाठी आहे आणि ते अधिकाऱ्यांच्या उत्तराची वाट न पाहता आज संध्याकाळपासून करता येईल. गडगा, साकव, व्हाळ, मांगराची शिडी, यांतले काहीही ओलांडण्याआधी बंदूक उघडून काडतूस बाहेर काढा आणि खिशात ठेवा. डुक्कर तेवढ्यात निसटेल तर निसटू द्या. दोघे बरोबर असाल तर एकाने पलीकडे जावे आणि दुसऱ्याने उघडी, रिकामी बंदूक दस्त्याकडून त्याच्या हाती द्यावी. नळीला धरून बंदूक ओढू नये. मी हे वाक्य लिहितो तेव्हा मला तो ओरखडा दिसतो. घोडा उतरवून काडतूस आत ठेवण्याची सवय मोडा, मग ती तुमच्या वडिलांनी शिकवलेली असो वा आमच्या. बंदूक रिकामी आहे असे समोरच्याने सांगितले तरी स्वतः उघडून पाहा. बोट चापाच्या कडीबाहेर, दस्त्यालगत सरळ ठेवा; अंधारात पाय घसरला की मूठ आपोआप आवळते आणि आत असलेले बोट तिच्याबरोबर आवळले जाते. घरी बंदूक कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा. पडवीतली खुंटी मुलांच्या हाती लागणार नाही, असे आपण उगाच समजतो.

पारधीबद्दल, म्हणजे शिकारीबद्दल, थोडक्यात लिहितो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीला बंदी आहे आणि पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराच्या बाबतीतही वनखात्याच्या परवानगीची चौकट आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे टोळीने रान हाकून शिकार करण्याचा परवाना नव्हे. डोक्याला बॅटरी लावून, झुडूप हलले म्हणून बार काढणे आणि झुडपामागे आपलाच शेजारी निघणे, अशा बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. पूर्ण जनावर आणि त्याच्या मागची जागा दिसल्याशिवाय चापाला बोट लावू नका. सड्यावर तर अधिकच जपा, कारण कातळावरून उडालेला छर्रा कुठे जाईल ते कोणालाच सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून विचारतो. आपल्यापैकी कितीजणांच्या हातून कधीतरी बार नकळत सुटला आहे, छपराच्या वाशात किंवा अंगणातल्या मातीत, आणि कोणाला लागले नाही म्हणून आपण तो कोणालाच सांगितला नाही? भावाच्या अपघाताच्या आदल्या वर्षी आमच्याच घरात तीच बंदूक मांगराच्या जमिनीवर आपटून सुटली होती. छताची तीन कौले फुटली. आम्ही ती बदलली, शेजाऱ्यांना माकडे हाकलल्याचे सांगितले आणि पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून गप्प राहिलो. त्या दिवशी ती कारागिराकडे नेली असती तर मेणातला तो खळगा वर्षभर आधी दिसला असता. असा बार सुटला की ती बंदूक त्याच दिवशी बाजूला ठेवा आणि जाणत्याला दाखवा. अधिकाऱ्यांनीही असे सांगायला येणाऱ्याला आरोपीच्या नजरेने पाहू नये.

भावाची ती बंदूक अजून पोलीस ठाण्याच्या कोठडीत जमा आहे. ती आम्हाला परत नको, आणि कापून भंगारात टाकू नये असेही आम्हा भावंडांना वाटते. कायदेशीर प्रक्रिया पूर्ण झाल्यावर तिचा दस्ता एका बाजूने उघडून, नळी कायमची निकामी करून, ती शस्त्रसुरक्षेच्या प्रशिक्षणासाठी ठेवावी, म्हणजे घोडा, खाच आणि पिन शेतकऱ्यांना प्रत्यक्ष पाहता येतील, असा अर्ज आम्ही गेल्या आठवड्यात दिला आहे. पहिले प्रशिक्षण ज्या गावात होईल तिथे माझे भाऊ कुबडी घेऊन येतील आणि मेणाचा तो प्रयोग स्वतः करून दाखवतील. त्यांनी तो घरी पुष्कळदा करून पाहिला आहे.

कळावे,
आपला नम्र,
सावंतवाडी तालुक्यातील एक परवानाधारक शेतकरी